मिळकत अंगी कशी लागते

लुई-रने व्हिलेर्मे या फ्रेंच डॉक्टराने १८२९ साली माणसांच्या उंचीवर एक निबंध प्रसिद्ध केला. फ्रान्समधल्या सैन्यभरतीत तरुणांची उंची मोजली जाई. त्या नोंदी घेऊन त्याने निरनिराळ्या भागांतल्या तरुणांची तुलना केली. उंची हवापाण्यावर आणि वंशावर ठरते, असा त्या काळचा सार्वत्रिक समज होता. व्हिलेर्मेला आकड्यांत वेगळेच दिसले. जिथे लोक खाऊनपिऊन सुखी होते, तिथले तरुण उंच होते आणि त्यांची वाढही लवकर पूर्ण होत होती. जिथे दारिद्र्य आणि लहानपणापासून कष्ट होते, तिथले तरुण ठेंगणे होते. या निष्कर्षाला आता दोनशे वर्षे होत आली. जगातल्या अनेक देशांत तो पुन्हा पडताळला गेला आहे आणि टिकला आहे. तरी या विषयावर घाईने काढलेली दोन अनुमाने आपल्या सार्वजनिक चर्चेत अजून ठाण मांडून आहेत. एक म्हणजे मिळकत वाढली की मुले आपोआप वाढतील. दुसरे म्हणजे उंची हा आनुवंशिकतेचा खेळ आहे, त्याचा पैशाशी संबंध जोडू नये. दोन्ही अनुमाने चुकीची आहेत. मिळकतीचा मुलांच्या वाढीवर परिणाम होतो आणि तो मोठा आहे, पण थेट नाही. घरात आलेला पैसा आईच्या शरीरातून, घरातल्या वाटणीतून आणि वस्तीतल्या पाण्यातून जातो, मग मुलाच्या अंगी लागतो. शिवाय त्यासाठी मिळणारा काळ फार थोडा असतो. घराने किती कमावले याची नोंद मुलाच्या उंचीत होत नाही. त्यातले मुलापर्यंत वेळेवर किती पोचले, याची होते.

आधी मोजमापाचे बघू. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून मोजतात. अंगणवाडीत मूल फळीवर उताणे निजवले जाते, मदतनीस त्याचे डोके वरच्या आडव्या पट्टीला टेकवून धरते, सेविका एका हाताने गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करते आणि दुसऱ्या हाताने सरकती पट्टी टाचांना भिडवते. मूल रडते, पाय आखडते, आणि गुडघा जरासा वाकला तरी एखादा सेंटिमीटर सहज हरवतो. त्या सेंटिमीटरला किंमत आहे. निरोगी मूल जन्मतः सुमारे ५० सेंटिमीटर असते, पहिल्या वर्षात साधारण २५ आणि दुसऱ्या वर्षात आणखी १२ सेंटिमीटर वाढते. आयुष्यात पुन्हा कधीही, अगदी वयात येतानाही, वाढीचा हा वेग गाठता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकानुसार दोन वर्षांच्या मुलग्याची मध्यम लांबी ८७.८ सेंटिमीटर आहे. ती ८१.७ पेक्षा कमी भरली, तर वाढ खुरटली असे धरतात. वजन आणि दंडघेर यांवरून मुलाची आजची अवस्था कळते; आठवडाभर जुलाब झाले की वजन उतरते आणि बरे वाटले की पुन्हा भरते. उंचीचे तसे नसते. गेलेल्या महिन्यांत जे मिळाले नाही, ते उंचीच्या आकड्यात साठून राहते. म्हणून घराच्या परिस्थितीचा दीर्घ हिशेब बघायचा असेल, तर वजनापेक्षा उंची अधिक विश्वासार्ह ठरते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: आपली माणसे मुळातच ठेंगणी, मग परदेशी मापाने आपली मुले का मोजायची? पण हे माप परदेशी नाही. ते ठरवण्यासाठी १९९७ ते २००३ या काळात सहा देशांतल्या सुमारे साडेआठ हजार मुलांची मोजणी झाली. ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका यांच्याबरोबर सहावा देश भारत होता. भारतातली मुले दक्षिण दिल्लीतल्या सुस्थितीतल्या कुटुंबांची होती. आया धूम्रपान न करणाऱ्या, बाळे आईच्या दुधावर वाढलेली, आजारपणात उपचार मिळणारी, अशीच कुटुंबे सगळीकडे निवडली होती. निकाल स्पष्ट होता. मुलामुलांत फरक होता, पण तो बहुतेक एकाच शहरातल्या दोन मुलांमधला होता. सहा ठिकाणांमुळे पडलेला फरक एकूण फरकाच्या जेमतेम ३ टक्के भरला. म्हणजे एका मुलाची उंची त्याच्या आईबापांवर जाते हे खरेच आहे. पण लाखो मुलांची सरासरी जेव्हा मानकाच्या बरीच खाली राहते, तेव्हा त्याचे कारण वंशात सापडत नाही. ग्वाटेमालातल्या माया लोकांचे उदाहरण याहून बोलके आहे. मानवशास्त्रज्ञ त्यांना जगातल्या सर्वांत ठेंगण्या समाजांत गणत. त्यातली काही कुटुंबे अमेरिकेत स्थायिक झाली आणि बॅरी बोगिन यांनी तिथे वाढलेल्या मुलांची मोजणी केली. ती ग्वाटेमालातल्या त्याच वयाच्या माया मुलांपेक्षा सरासरी १० सेंटिमीटरहून अधिक उंच निघाली. एका पिढीत वंश बदलत नाही. ताट, पाणी आणि दवाखाना बदलतात.

भारतात हा वाद २०१३ साली नव्याने पेटला. अर्थतज्ज्ञ अरविंद पनगढिया यांनी प्रश्न केला, की आफ्रिकेतल्या अनेक देशांपेक्षा भारत श्रीमंत आहे, इथे बालमृत्यू कमी आहेत, तरी इथली मुले त्यांच्यापेक्षा ठेंगणी कशी? त्यांचे उत्तर असे, की मानकच आपल्याला लागू पडत नाही. त्यांचा प्रश्न रास्त होता आणि त्यावर पुढे झालेल्या संशोधनानेच या विषयात सर्वाधिक भर घातली. पण ते उत्तर टिकले नाही. सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे यांनी २०१७ मध्ये दाखवले, की भारतातली पहिली अपत्ये आफ्रिकेतल्या पहिल्या अपत्यांपेक्षा ठेंगणी नसतात. घसरण दुसऱ्या अपत्यापासून सुरू होते आणि पुढच्या प्रत्येक अपत्यागणिक वाढत जाते. थोरल्या मुलग्याला मिळणारे झुकते माप हे त्यामागचे मोठे कारण त्यांनी मांडले. आनुवंशिकता एकाच आईबापांच्या पहिल्या आणि तिसऱ्या मुलात असा भेद करत नाही.

आता मिळकतीकडे येऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कुटुंबाची कमाई विचारत नाहीत. घर कशाचे आहे, पाणी कुठून येते, घरात कोणत्या वस्तू आहेत यावरून सुबत्तेचा निर्देशांक काढतात आणि देशातल्या सगळ्या कुटुंबांचे पाच सारखे गट पाडतात. हे एका अर्थी बरेच आहे, कारण शेतमजुराची किंवा हातगाडीवाल्याची कमाई महिन्यागणिक हलते, तर घर आणि वस्तू त्या मानाने स्थिर असतात. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत पाच वर्षांखालच्या मुलांत वाढ खुरटलेली मुले देशभरात ३५.५ टक्के होती. सर्वांत गरीब गटात हे प्रमाण ४६ टक्के, तर सर्वांत सुस्थितीतल्या गटात २३ टक्के होते. गरीब घरातल्या मुलाला वाढ खुंटण्याचा धोका दुप्पट आहे, आणि मधल्या गटांत तो पायरीपायरीने उतरत जातो. पण वरच्या गटातले २३ टक्केही विसरता येत नाहीत. निरोगी लोकसंख्येत या मापाखाली दोन-अडीच टक्के मुले येतात. इथे अगदी वरच्या गटातही त्याच्या दहापट येतात. हे सगळे केवळ पैशावर अवलंबून असते, तर असे झाले नसते.

यावर कोणी म्हणेल, गरिबी आणि खुरटलेली वाढ एकत्र आढळतात म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. गरीब घरात आईचे शिक्षणही कमी असते, वस्तीही दाटीची असते, मग खरे कारण तेच असेल. ही शंका योग्य आहे. ती फेडायची तर बाकी काही न बदलता फक्त पैसा वाढला, असे उदाहरण हवे. दक्षिण आफ्रिकेत ते मिळाले. तिथे वर्णभेदाची राजवट संपत असताना, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला, वृद्धांची सरकारी पेन्शन कृष्णवर्णीयांनाही भरघोस प्रमाणात मिळू लागली. अनेक घरांत नातवंडे आजीआजोबांजवळ राहत. एस्तेर द्युफ्लो यांनी या नातवंडांची मोजमापे तपासली. आजीला पेन्शन मिळत होती, त्या घरांतल्या नातींची वाढ ठळकपणे सुधारली होती. आजोबांना मिळत होती, त्या घरांत तसे काही दिसले नाही. मेक्सिकोत १९९७ साली सुरू झालेल्या प्रोग्रेसा योजनेतही पैसा आईच्या हाती दिला गेला. त्याबरोबर दवाखान्यातल्या तपासण्या आणि लहानग्यांसाठी पूरक आहारही होता. त्या घरांतली लहान मुले इतर मुलांपेक्षा सुमारे एक सेंटिमीटरने उंच भरली. म्हणजे पैशाने वाढ होते हे सिद्ध आहे. पण तो कोणाच्या हातात पडतो आणि त्याच्या जोडीला काय असते, यावर त्याचा गुण ठरतो, हेही तितकेच सिद्ध आहे.

देशाचे एकूण उत्पन्न वाढले तरी मुलांची उंची त्या प्रमाणात का वाढत नाही, याचा उलगडा इथे होतो. छत्तीस देशांतली १२१ सर्वेक्षणे एकत्र करून २०१४ मध्ये झालेल्या अभ्यासात दरडोई उत्पन्नाची वाढ आणि खुरटलेपणातली घट यांचा संबंध नगण्य निघाला. आपल्या घरचेच उदाहरण पाहायचे तर महाराष्ट्रात २००५-०६ साली ४६.३ टक्के मुलांची वाढ खुरटलेली होती. २०१५-१६ पर्यंत हा आकडा ३४.४ वर आला. ही कमाई मोठी होती आणि तिच्यामागे राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनसारखे प्रयत्न होते. या मिशनने गर्भधारणेपासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंतच्या काळावर भर दिला होता. पण त्यानंतर राज्याची मिळकत वाढत राहिली आणि हा आकडा मात्र २०१९-२१ मध्ये ३५.२ वर अडकून बसला. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली मुले तर दोन्ही वेळा २५.६ टक्केच होती. देशातल्या श्रीमंत राज्यांत गणल्या जाणाऱ्या राज्यात दर चौथे मूल रोडावलेले असावे, याची लाज सगळ्यांनाच वाटायला हवी.

पैसा अडतो कुठे? पहिले ठिकाण म्हणजे आईचे शरीर. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींचा बारकाईने अभ्यास केला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास भरले. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते. ज्या बायकांच्या खाण्यात दूध, पालेभाज्या आणि फळे वारंवार येत, त्यांची बाळे वजनाने बरी होती. ज्यांना गरोदरपणात शेतावरचे आणि घरातले जड काम उपसावे लागे, त्यांची बाळे लहान होती. नुसत्या भाकरीने पोट भरते, बाळ भरत नाही. देशपातळीवर डायन कॉफी यांनी काढलेला आकडा असा, की गर्भ राहण्याच्या वेळी भारतातल्या सुमारे ४२ टक्के स्त्रियांचे वजन कमी होते. आफ्रिकेतल्या सहारापलीकडच्या देशांत हे प्रमाण साडेसोळा टक्के होते. आफ्रिकेहून श्रीमंत असूनही आपली मुले ठेंगणी का, या पनगढियांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या दोन आकड्यांत आहे. वरच्या गटातल्या २३ टक्क्यांचाही काही भाग यातूनच समजतो. आज सुस्थितीत असलेल्या अनेक आया स्वतः गरिबीत वाढल्या. पैसा एका पिढीत येतो, पण आईची उंची तिच्या स्वतःच्या बालपणी ठरून गेलेली असते. ती उणीव भरून निघायला दुसरी पिढी लागते.

दुसरे ठिकाण म्हणजे घरातली वाटणी. एकच चूल, एकच जमीन आणि एकच मिळकत असलेल्या ग्रामीण एकत्र कुटुंबांचा कॉफी, डीन स्पिअर्स आणि रीतिका खेरा यांनी अभ्यास केला. थोरल्या आणि धाकट्या भावांची मुले त्यांनी एकाच घरात ताडून पाहिली. धाकट्या जावेची मुले थोरलीच्या मुलांपेक्षा ठेंगणी भरली. धाकटी सून शेवटी जेवते, तिला घरात बोलण्याचा अधिकार कमी, दवाखान्यात जायचे तर तिला चार जणांना विचारावे लागते. आणि हे सारे तिच्या मुलाच्या उंचीत उतरते. सर्वेक्षणात हे घर एकाच गटात मोजले जाते, पण त्यात दोन मिळकती नांदत असतात.

तिसरे ठिकाण म्हणजे वस्ती. मूल रांगू लागते, हाताला लागेल ते तोंडात घालते, आणि आसपास उघड्यावर शौच होत असेल तर आतड्याचे दुखणे त्याची पाठ सोडत नाही. वारंवार जुलाब होतात, भूक मंदावते, आणि उघड आजार नसतानाही आतड्याची अन्न शोषण्याची ताकद घटते. स्पिअर्स यांनी दाखवले, की उघड्यावर शौचाचे प्रमाण जिथे जास्त, तिथली मुले मिळकतीच्या मानाने ठेंगणी असतात. शेजाऱ्याच्या मैल्यामुळे श्रीमंताचे मूलही आजारी पडते. पैशाने घर विकत घेता येते, गावाचे पाणी नाही. पुढे बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वेमध्ये मोठे प्रयोग झाले. तिथे काही कुटुंबांना संडास, हात धुण्याची सोय आणि पाणी शुद्ध करण्याची साधने दिली. त्याने उंचीत फरक पडला नाही. पूरक आहाराने पडला, पण थोडाच. काहींनी यावरून स्वच्छतेचा मुद्दाच निकालात काढला. मला तसे वाटत नाही. चार घरांना संडास दिले म्हणून गावचे पाणी आणि अंगणातली माती स्वच्छ होत नाही, इतकेच या प्रयोगांनी दाखवले. अर्धवट स्वच्छतेचा अर्धा गुणही येत नाही.

उरला शेवटचा आणि सर्वांत खोल आक्षेप, आणि त्याचा पुण्याशी जवळचा संबंध आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले पां. वा. सुखात्मे हे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकीचे संचालक होते. निवृत्तीनंतर ते पुण्यात आले आणि त्यांनी मांडले, की शरीर कमी आहाराशी जुळवून घेते, म्हणून ठरावीक उष्मांकांखाली खाणाऱ्या प्रत्येकाला कुपोषित म्हणणे चूक आहे. दारिद्र्यरेषेचे गणित मांडणाऱ्या वि. म. दांडेकरांशी त्यांचा याच मुद्द्यावर प्रदीर्घ वाद झाला. पुढे अमेरिकी अर्थतज्ज्ञ डेव्हिड सेक्लर यांनी ठेंगणे पण निरोगी, अशी या विचाराची टोकाची मांडणी केली आणि पोषणतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी तिला कडाडून विरोध केला. सुखात्म्यांचे एक म्हणणे आजही मोलाचे आहे: फक्त धान्य मोजू नका, पाणी आणि स्वच्छताही बघा. पण जुळवून घेण्याची किंमत लागत नाही, हे मान्य करता येत नाही. ग्वाटेमालातल्या चार गावांत १९६९ ते १९७७ या काळात एक प्रयोग झाला. दोन गावांतल्या लहान मुलांना प्रथिनयुक्त पेज आणि दोन गावांत प्रथिने नसलेले गोड पेय देण्यात आले. पेज मिळालेली मुले अधिक उंच झाली. पुढे ती मोठी झाल्यावर संशोधक पुन्हा तिथे गेले. ज्या पुरुषांना वयाच्या पहिल्या दोन वर्षांत ती पेज मिळाली होती, त्यांची ताशी कमाई इतरांपेक्षा ४६ टक्क्यांनी अधिक होती. खुरटलेल्या वाढीबरोबर शिकण्याची आणि कमावण्याची क्षमताही खुरटते. म्हणजे गरिबी मुलाची वाढ रोखते आणि रोखलेली वाढ पुढच्या घरात पुन्हा गरिबी आणते.

उंची हा त्यामुळे मुक्काम नव्हे, खूण आहे. मूल उंच व्हावे म्हणून कोणी धडपडायचे नाही. उंची ज्यामुळे खुंटते, ती कारणे दूर करायची. आणि हे नुसते वजन वाढवून साधत नाही. पुण्याच्या त्याच अभ्यासात दिसले, की आपली बाळे जन्मतः बारीक असली तरी त्यांच्या शरीरातली चरबी त्या मानाने टिकून असते. उणीव असते ती स्नायूंची. अशा मुलाला पुढे बिस्किटे, वेफर आणि साखरेचे पेय यांवर वाढवले, तर वजनाचा तक्ता सुधारतो आणि मधुमेहाची वाट मोकळी होते. मिळकत वाढलेल्या घरांपुढचा हा नवा धोका आहे.

हा सारा पुरावा एका दिशेने जातो. मदत घराला नव्हे, आईला द्यायला हवी. मूल शाळेत जाऊ लागल्यावर नव्हे, पोटात असल्यापासून दोन वर्षांचे होईपर्यंत द्यायला हवी. आणि तिच्या जोडीला दूध, अंडी, पालेभाज्या आणि स्वच्छ पाणी हवे. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याने सरकारी नोकरदार वगळता प्रत्येक गरोदर स्त्रीला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. प्रत्यक्षात केंद्राची मातृवंदना योजना पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये देते, आणि दुसऱ्यासाठी ६,००० रुपये देते ते फक्त मुलगी झाली तरच. ज्या दुसऱ्या आणि तिसऱ्या अपत्यांची वाढ सर्वांत अधिक खुंटते, नेमकी त्यांतलीच बहुतेक या नियमाने बाहेर राहतात. लहान कुटुंबाचे धोरण जन्माला येऊ घातलेल्या मुलाच्या हाडांवर राबवायचे का, हा प्रश्न आपण स्वतःला सरळ विचारला पाहिजे. माझे उत्तर नाही असे आहे. कायद्याने जे प्रत्येक आईला देऊ केले आहे, ते प्रत्येक बाळंतपणात आणि गरोदरपणातच तिच्या हाती पडले, तर राज्याची वाढती मिळकत मुलांच्या अंगी लागेल. नाहीतर दरडोई उत्पन्नाचे आकडे चढत राहतील आणि अंगणवाडीच्या फळीवरचे आकडे आहेत तिथेच राहतील.